मुक्या कोणाच्या बोटानं खाये

मुक्या मेला तवा अर्धं गाव मले समजावायले आलं. कुत्रंच त होतं कांता, दुसरं पाळजो. असं म्हणून लोकं चहा पिऊन आपापल्या घरी गेले. त्यायले वाटलं, मी कुत्र्यासाठी रडून राह्यली. रडत होतीच मी त्याच्यासाठी, खोटं कशाले बोलू. पण ते रडणं सरलं. जे सरलं नाई ते येगळंच आहे, अन् ते सांगायचं त कुत्र्यापासूनच सुरू करावं लागते.

आमचं गाव रोहण्याच्या पुढे. गावाच्या शेवटी, जिथून झुडपी जंगल लागते, तिथं आमचं घर अन् घराले लागूनच वावर. लग्न झालतं माह्यं, पण नवऱ्याशी पटलं नाई, मी माहेरी निघून आली. आली तवा बाप गेलता, माय खाटेवर होती अन् माह्या भाऊ अश्वजित शाळेत जाये. मंग मायही गेली. तवापासून त्याची माय मी अन् बापही मीच. त्याले भाकर मी घातली, पाठीत धपाटे मी घातले, ताप आला त रातभर उशाशी मी बसली. बकऱ्या राखल्या, लोकाच्या वावरात निंदण केलं अन् त्याले बारावीच्या पुढे शिकवलं. उपकार म्हणून नाई सांगून राह्यली मी. तो माह्या कोण होता, ते समजावं म्हणून सांगते.

आता मुक्या. पिल्लू होता तवा भुंकेच नाई. पोट्टे म्हणत, मुका आहे हा. तेच नाव पडलं. मोठा झाल्यावर भुंकला कधीमधी, पण त्याचं सारं बोलणं डोळ्यानं. बकरी काट्यात अडकली त तो धावत माह्यापाशी ये, माह्या तोंडाकडे पाहे, मंग बकरीकडे पाहे, मंग पुन्हा माह्याकडे. मी उठेपर्यंत त्याचं हे चालूच. शेजारची भावना म्हणे, तुह्या कुत्रा चुगलखोर आहे, कोणी बकरी चोरली त नाव-गावासकट सांगन.

आमच्या शिवारात रानडुकरायचा लय तरास. चना घाट्यावर आला, का एका रातीत वावर नांगरून टाकतेत. मंग कोणी पिठाच्या गोळ्यात औषध घालून धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, ठेवते. डुक्कर मरते का नाई देव जाणे, गावातले कुत्रे मरतेत. मुक्याच्या आधीचा माह्या कुत्रा असाच गेलता. म्हणून मुक्याले मी लहानपणापासून एकच गोष्ट शिकवली. खाली पडलेलं खायचं नाई. भाकर असो का हाडूक असो, घरच्या माणसानं बोट दाखवलं तरच तोंड लावायचं. मार देऊन नाई शिकवलं, रोज जेवताना शिकवलं. भाकर जमिनीवर ठेवायची, तो बसून राहे, तोंडातून लाळ गळे, अन् डोळे माह्या चेहऱ्यावर. मी बोट दाखवलं का गट्टम. घरचे माणसं म्हणजे दोनच. त्याले दोनच बोटं कळत. एक माह्यं, एक अश्वजितचं.

मागच्या हिवाळ्यात सुरभी आली. नागपूरची पोट्टी, लांडग्यायचा अभ्यास करते. रोहण्याले खोली घेऊन राहे, अन् रोज गाडीवर आमच्याकडे ये. आमच्या झुडपी जंगलात एक लांडगी होती, तिच्या गळ्यात यायनं पट्टा बांधला होता. त्या पट्ट्यातून आवाज निघते म्हणे, अन् सुरभी हातात अँटेना धरून तो आवाज शोधत फिरे. मी तिले पहिल्याच दिवशी सांगितलं, बाई, तुह्यी लांडगी मले चांगली माहीत आहे, माह्यी एक पाठ खाल्ली तिनं. पाठ म्हणजे बकरीचं पिल्लू. मी बकऱ्या चारत होती, ती लांडगी बोरीच्या झुडपाआड उभी. मी तिच्याकडे पाहे तोवर ती दगडासारखी उभी राह्यली. पायात काटा रुतला म्हणून मी खाली वाकली. काटा काढून वर पाह्यलं त पाठ बी नाई अन् लांडगी बी नाई.

सुरभीले मोठा आनंद झाला. म्हणे ताई, मी हेच शोधून राह्यली. जनावराले आपली नजर कळते का, आपलं ध्यान कुठी आहे ते कळते का. मी म्हणलं, यात शोधायचं काय, बकऱ्या राखणाऱ्या कोणत्याही बाईले इचार. ती हसली. पण पोट्टी गुणाची होती, ओसरीत बसून माह्यासंग शेंगा सोलू लागे. अन् मले जे माहीत नव्हतं असं बी तिनं सांगितलं, ते मी कबूल करते.

तिनं मुक्यासंग खेळ मांडला. अंगणात दोन टोपले पालथे घातले, एकाखाली भाकर. ती एका टोपल्याकडे बोट दाखवे. दुसऱ्यायचे कुत्रे लगेच तिकडे धावत, मुक्या जागचा हलेच नाई. तो मान वळवून माह्याकडे पाहे, जसा का विचारून राह्यला, ही कोण आहे अन् हिचं ऐकू का? मी बोट दाखवलं का मंग जाये. मी पाठ फिरवली, पदरानं तोंड झाकलं, तरी त्याले बरोबर कळे का आता हिचं आपल्याकडे ध्यान नाई. तवा तो बोट असो का नसो, चूप बसून राहे. मंग तिनं भाकर एका डब्यात घालून झाकण गच्च लावलं. मुक्यानं दोन-चारदा पाय मारला, अन् मंग सुरू. माह्यं तोंड, डबा, माह्यं तोंड, डबा.

सुरभी म्हणे, हातानं वाढवलेला लांडगा असता त त्यानं दात पडेपर्यंत डबा चावला असता, माणसाकडे पाह्यलं नसतं. मले राग आला. म्हणलं, म्हणजे माह्या कुत्रा बिनअकलेचा?

"नाई ताई," ती म्हणे. "नजर दोघायले बी कळते. लांडगी तुमची नजर पाह्यते ते तुमच्यापासून वाचायले. मुक्या पाह्यते ते तुमच्याशी बोलायले."

तवा अश्वजित बी तिथंच होता. मंग सुरभीनं उघडी भाकर मुक्याच्या पायापाशी ठेवून बोट दाखवलं, त्यानं खाल्ली नाई; अश्वजितनं बोट दाखवलं त लगेच उचलली. अश्वजित हसे अन् म्हणे, पाह ताई, माह्या बोटाले बी किंमत आहे. सुरभीनं मोबाईलवर त्याचं शूटिंग केलं.

तो हिवाळा आमच्या घरचा सोन्याचा होता. अश्वजित पोलीस भरतीत निवडून आला. विहारात गावानं त्याचा सत्कार केला. पौर्णिमेले पंचशील घेताना त्याचाच आवाज सगळ्यात मोठा. मी मागं बायायमध्ये बसून रडत होती. आता फक्त चारित्र्याची चौकशी राह्यलती, ठाण्यातून कागद गेला का बोलावणं येणार होतं. मी सगळ्यायले सांगत फिरे, माह्या भाऊ वर्दी घालणार.

त्या साली चन्याले डुकरायनं लय सतावलं. अश्वजितनं वावराभोवती तार ओढली. मी विचारलं, हे काय? त म्हणे, झटका मशीन आहे ताई, सरकारमान्य, नुसता झटका लागते, कोणी मरत नाई. मी मानलं. त्याचं न मानायचं मले कधी कामच पडलं नव्हतं.

मंग एक दिवस सुरभी रडकुंडीले आलेली दिसली. लांडगीचा आवाज बंद. ती उन्हात अँटेना घेऊन धुऱ्याधुऱ्यानं फिरे, तोंड काळं पडलं पोट्टीचं. शेवटचा आवाज आमच्याच बाजूनं आला होता म्हणे. कोणी पाह्यलं का, कोणी करंट लावला का, औषध ठेवलं का, सगळ्यायले विचारून झालं. सगळ्यायनं नाई म्हणलं. अश्वजितनं त तिच्यासंग दोन दिवस जंगल धुंडाळलं. मले बरं वाटलं, म्हणलं माह्या भाऊ किती मायाळू आहे.

तवापासून मुक्याचं सुरू झालं. आमच्या अन् नत्थूजीच्या वावराच्या मधल्या धुऱ्यावर एक पळस आहे. त्याच्याखाली अश्वजितनं उपटलेल्या कपाशीच्या पऱ्हाट्यायचा ढीग रचून ठेवला होता, जाळायले कामी पडतेत म्हणून. बकऱ्या घेऊन तिथून गेली का मुक्या थांबे. माह्या तोंडाकडे पाहे, ढिगाकडे पाहे, पुन्हा माह्याकडे. मी म्हणे, असन मुंगूस नाई त घूस, चाल रे बाबू. तो येत नसे. मी मागं वळून पाहे तवा तो तिथंच बसलेला अन् डोळे माह्यावर.

एकदा अश्वजित चना काढून राह्यलता, त्यानं हे पाह्यलं. त्यानं ढेकूळ उचलून मुक्याले असं मारलं का तो केकाटला. त्या पोट्ट्यानं आजवर मुक्यावर हात उगारला नव्हता. मी चिडली, म्हणलं, येडा झाला काय, काऊन मारलं त्याले? तो म्हणे, चना तुडवते. चन्यात नव्हताच मुक्या. मी त्याले बोलली, अन् मंग ते इसरून गेली. आपल्या माणसाचं असंच असते, डोळ्यापुढे असलं तरी दिसत नाई.

मंग तो दिवस. बकऱ्यायचं औषध आणायले मी यष्टीनं आर्वीले गेलती. दुपार कलल्यावर परत आली त अंगणात मुक्या पडलेला, तोंडाले फेस वाळलेला. बाजूले अश्वजित गुडघ्यात मान घालून बसला होता. म्हणे ताई, नत्थूजीच्या वावरात पडला होता, डुकरासाठी ठेवलेलं काहीतरी खाल्लं त्यानं. मी मुक्याचं डोकं मांडीवर घेतलं. डोळे उघडेच होते त्याचे, पण ते कोणाकडेच पाहत नव्हते. माह्या जीव असा तुटला का काय सांगू बाप्पा.

अन् मंग मी उठली. माह्या राग गावाले माहीत आहे. पदर खोचला अन् चौकात जाऊन नत्थूजीले जे मनाले येईन ते बोलली. म्हातारा माणूस, माह्या बापाच्या वयाचा. त्याले पापी म्हणलं, खुनी म्हणलं, तुह्या हाताले किडे पडतीन म्हणलं. तो बिचारा हात जोडून म्हणे, पोरी, माह्ये नातवंडं दिवसभर त्या वावरात खेळतेत, मी तिथं औषध कसा ठेवीन? मी ऐकलं नाई. सारं गाव गोळा झालं. अश्वजित माह्या खांद्यावर हात ठेवून उभा होता. मले वाटलं, आपल्या पाठीशी कोणीतरी आहे.

रागात माणसाची अक्कल चरायले जाते, हेच खरं. मुक्या खालचं खात नाई, हे मीच त्याले शिकवलं अन् मीच इसरली.

आठवलं ते सुरभी आली तवा. तिलेही कोणीतरी सांगितलं होतं. ती माह्याजवळ ओट्यावर बसली. मंग तिनं मोबाईल काढला, म्हणे ताई, मुक्या पाहता का? तिचा हेतू चांगला होता. मी डोळे पुसून पाह्यलं. माह्यं अंगण, माह्या मुक्या जिता, समोर पायापाशी भाकर पडलेली. सुरभी बोट दाखवून राह्यली, तो खात नाई. लाळ गळून राह्यली, तरी खात नाई. मंग अश्वजित आला, हसला, त्यानं भाकरीकडे बोट केलं, अन् मुक्यानं भाकर उचलली.

मी म्हणलं, पुन्हा लाव. तिनं पुन्हा लावलं. पुन्हा तेच. अश्वजितचं बोट, अन् मुक्याचं तोंड.

दोन बोटं होते त्या कुत्र्याले. माह्यं बोट त्या दिवशी आर्वीले होतं.

 मी सुरभीले म्हणलं, डोकं दुखते, अन् ती गेली.  मनाले समजावून पाह्यलं का भूक लागली असन, जनावर आहे, एखाद वेळी चुकते. पण मुक्या चुकणारा नव्हता. चुकणारी मी होती. मले ते ढेकूळ आठवलं, तो पऱ्हाट्यायचा ढीग आठवला. अन् सगळं एकामागं एक असं समोर येऊन बसलं का मले उठताच येईना.

अश्वजित गोठ्यात बकऱ्यायले पाला टाकून राह्यलता. मी दारात उभी राह्यली, बाहेर जायची वाट अडवून. म्हणलं, पळसाखाली काय पुरलं?

आधी त्यानं नाई-नाई केलं. मंग माह्या तोंडाकडे पाह्यलं अन् खाली बसला. झटका मशीन नव्हतीच ती. त्यानं खांबावरून आकडा टाकून सरळ करंट सोडला होता. सकाळी तार काढायले गेला त लांडगी पडलेली, गळ्यात पट्टा. पट्टा कापून त्यानं पडीक विहिरीत टाकला, तिले पुरलं अन् वरून पऱ्हाट्या रचल्या. त्याले जेल झाली असती. नोकरी गेली असती, वर्दी गेली असती. मी मुद्दाम नाई केलं ताई, तो म्हणे, चना वाचवायले केलं. इथवर मी त्याले माफ केलं असतं. खरंच केलं असतं. भेलेलं लेकरू काय करन?

"अन् मुक्या?" मी विचारलं.

"तो रोज तुले दाखवे, ताई. एखाद दिवशी सुरभीले घेऊन तू तिथून गेली असती..."

"माह्या मुक्यानं कसं खाल्लं, ते सांग."

 तो जमिनीकडे पाहत म्हणे, "पहिल्यांदा त्यानं खाल्लंच नाई. माह्या तोंडाकडे पाहत राह्यला. मी दोनदा बोट दाखवलं, मंग खाल्लं."

ऐकलं तुम्ही? त्या मुक्या जीवानं त्याले विचारलं होतं. खाऊ का म्हणून विचारलं होतं, अन् यानं हो म्हणलं. केसानं गळा कापणं म्हणतेत ते हेच. मी त्याले तिथंच थोबाडीत हाणली. त्यानं माह्ये पाय धरले अन् लहानपणी रडे तसा हमसून रडला. अन् मी, मूर्ख बाई, माह्या हात त्याच्या डोक्यावर गेला. आपलेच दात अन् आपलेच ओठ, चावा घेतला तरी थुंकायचं कुठी?

मी त्याले म्हणलं, पाह अश्वजित, माह्या तोंडून हे निघणार नाई. तूच सुरभीकडे जा अन् तूच सांग. जे होईन ते होईन, मी तुह्या मागं उभी आहे. बकऱ्या इकीन पण वकील लावीन. पण आधी नत्थूजीच्या पाया पड, मी त्या देवमाणसाले चौकात खुनी म्हणलं आहे. तो हो म्हणला. मायच्या फोटोपुढे उभा राहून हो म्हणला. उद्या सांगतो ताई, शपथेनं. मी मानलं. पुन्हा मानलं.

दुसऱ्या दिवशी सुरभीच आली, संग वनखात्याचे दोन साहेब. गावात चौकशी करत करत आमच्या अंगणात येऊन बसले. नत्थूजीलेही बोलावलं होतं. तो खाली मांडी घालून बसला, टोपी हातात. पाच-पंचवीस लोकं कुडाबाहेर उभे. मी चहा ठेवला अन् दारात येऊन उभी राह्यली. मले वाटलं, बरं झालं, आता अश्वजित सगळ्यायपुढे सांगन अन् मोकळा होईन. मले त्याचा अभिमानही वाटून राह्यलता, खोटं नाई सांगत.

साहेबानं विचारलं, इकडे करंट, औषध, काही लावते का कोणी? अश्वजित उठून उभा राह्यला. शर्टाची बाही नीट केली. अन् म्हणे, साहेब, करंटचं मले माहीत नाई, पण औषध ठेवतेत. आमचा कुत्रा त्यातच गेला. लांडगीही त्यातच गेली असन. मंग त्यानं नत्थूजीकडे पाह्यलंही नाई, नुसती हनुवटी तिकडे केली. म्हणे, यायच्या वावरात. मी नाई म्हणत, ताईनंच सगळ्या गावापुढे सांगितलं.

अन् तो माह्याकडे वळला. "सांग ना ताई. तूच त म्हणली होतीस चौकात."

 माह्यं रडणं, माह्या राग, माह्या शिव्या, सारं त्यानं जपून ठेवलं होतं अन् आता कामी लावून राह्यलता. म्हणजे त्या दिवशी चौकात माह्या खांद्यावर हात ठेवला तवाच याच्या मनात हे होतं. पोलीस होणार होता हा. कुंपणच शेत खाते म्हणतेत, मले ते कुंपण मीच राखलेलं दिसलं.  नत्थूजीनं फक्त टोपीची घडी घातली, मंग उलगडली. कुडाबाहेरून कोणीतरी म्हणलं का हो, कांतानं सांगितलं होतं, आम्ही ऐकलं.

सुरभी उठून माह्यासमोर आली. "कांताताई, तुमी सांगा. काय झालं?"

सगळे माह्या तोंडाकडे पाहू लागले. अश्वजितही पाहून राह्यलता, लहानपणी चूक करून माह्या पदराआड लपे अन् फक्त डोळे बाहेर काढे, तसाच. त्याले मी आजवर कधी बाहेर ओढलं नव्हतं. मास्तरासमोर नाई, गावासमोर नाई. अन् काल मीच त्याले म्हणलं होतं का माह्या तोंडून हे निघणार नाई. मी जबानची पक्की आहे. त्यानं घेतलेली शपथ त्यानं मोडली, म्हणून मी माह्यी मोडीन असं नाई.

म्हणून मी तोंड उघडलंच नाई. सुरभीच्या डोळ्यात पाह्यलं. मंग अंगणाच्या पार, वावरात, पळसाखालच्या पऱ्हाट्यायच्या ढिगाकडे पाह्यलं. मंग पुन्हा तिच्याकडे.

तिले आधी समजलं नाई. म्हणे, ताई, बोला ना. मी पुन्हा तसंच केलं. तिचं तोंड, ढीग, तिचं तोंड. त्या पोट्टीनं सारा हिवाळा माह्या अंगणात बसून दुसरं काय पाह्यलं होतं? तिच्या चेहऱ्याचा रंग उतरला. तिनं मागं वळून पळसाकडे पाह्यलं, साहेबायले हातानं खूण केली, अन् ते तिघं उठून धुऱ्याच्या वाटेनं निघाले. नत्थूजीही उठला, काठी टेकत त्यायच्या मागं गेला.

अश्वजितलेही समजलं. तोही त्या खेळात होता. तो माह्याजवळ आला, माह्या हात धरला, अन् हळूच म्हणला, "ताई, माह्याकडे पाह ना. एकदा माह्याकडे पाह."

मी ढिगाकडेच पाहत राह्यली.